गोदाकाठची मुले, नाईलचे गाऱ्हाणे

शनिवार : नाशिक, मुंबई, हेग

मुंबईहून ॲमस्टरडॅमला जाणारे विमान मध्यरात्रीनंतर सुटते, म्हणून आमची मिनीबस नाशिकहून शुक्रवारी दुपारीच निघाली होती, आणि कसारा घाट उतरेपर्यंत आठही मुलांनी आपापल्या फायली एकदा उघडून पुन्हा मिटल्या होत्या. हेगमध्ये दर जानेवारीच्या अखेरीस शाळकरी मुलांची अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषद भरते. द हेग इंटरनॅशनल मॉडेल युनायटेड नेशन्स या नावाने ती १९६८ पासून ओळखली जाते आणि जगाच्या कानाकोपऱ्यांतून हजारो मुले तिला येतात. प्रत्येक शाळेच्या वाट्याला एखादा देश येतो आणि त्या देशाचे प्रतिनिधी म्हणून मुलांनी आठवडाभर बोलायचे, वाटाघाटी करायच्या, ठराव लिहायचे आणि मत द्यायचे असते. आपला स्वतःचा देश सहसा वाट्याला येत नाही, आणि सगळी गंमत नेमकी तिथेच आहे.

ऑक्टोबरात आम्हाला इजिप्त मिळाल्याचे कळले तेव्हा वर्गात निराशा पसरली. कोणाला फ्रान्स हवा होता, कोणाला ब्राझील, आणि बहुतेकांना ‘निदान भारत तरी’. पर्यावरण समितीसमोरचा एक विषय सीमा ओलांडणाऱ्या नद्यांच्या पाण्याचा होता, म्हणजे इजिप्तच्या प्रतिनिधीला इथिओपियाने निळ्या नाईलवर बांधलेल्या धरणाविरुद्ध उभे राहणे भाग होते. हे काम ज्या मुलीकडे आले ती निफाडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. नाशिक जिल्ह्यातील धरणांचे पाणी खाली पैठणच्या जायकवाडी धरणाला सोडण्याचा आदेश निघाला की तिचे वडील आंदोलनाला जातात, आणि २०२३ मध्ये ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचे ठरले तेव्हा तर त्यांच्या घरी दुसरा विषयच नव्हता. अशा घरातल्या मुलीला आता साता समुद्रापलीकडे जाऊन ‘वरच्यांनी आमचे पाणी अडवले’ असे गाऱ्हाणे मांडायचे होते. तिने पहिल्या दिवशी मला एवढेच विचारले, “मॅडम, देश बदलून मिळत नाही का?” मिळत नाही.

तयारीच्या तीन महिन्यांत मी एकच हट्ट धरला. परिषदेची भाषा इंग्रजी असली, तरी प्रत्येकाने आपला विषय आधी मला मराठीत समजावून सांगायचा. इंग्रजीत ‘सस्टेनेबल’, ‘स्टेकहोल्डर’, ‘फ्रेमवर्क’ असे चार शब्द ओळीने मांडले की काही म्हटल्यासारखे वाटते, पण मराठीत सांगताना कोण कोणाला काय देणार हे बोलावेच लागते. या हट्टाचा एक अनपेक्षित फायदा झाला. आंतरराष्ट्रीय जलकायद्यातील ‘इक्विटेबल’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधताना त्या मुलीला तो घरातल्या भांडणातच सापडला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यानंतर आपल्याकडे रूढ झालेला ‘समन्यायी पाणीवाटप’ हा शब्द तिचे वडील शिवीसारखा वापरतात, असे ती हसत म्हणाली.

स्खिपोल विमानतळावर उतरलो तेव्हा स्थानिक घड्याळात पहाटच होती. हा विमानतळ समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली आहे, कारण तिथे पूर्वी सरोवर होते आणि १८५२ पर्यंत पंपांनी उपसून ते कोरडे करण्यात आले, हे मी सांगितले तेव्हा मुलांनी खिडकीकडे जरा संशयाने पाहिले. हेगपर्यंतचा आगगाडीचा प्रवास अर्ध्या तासाचा. सूर्य साडेआठच्या सुमारास उगवला, तोही ढगांमागेच. स्खेव्हेनिंगनच्या किनाऱ्याजवळ आमची खोल्यांची सोय होती. दिवसभर मुले झोपली आणि संध्याकाळी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा खाऊन पुन्हा झोपली.

रविवार : शांतता प्रासाद

एक नंबरची ट्राम स्खेव्हेनिंगनहून शांतता प्रासादाच्या दारावरून जाते. अँड्र्यू कार्नेगीने दिलेल्या पंधरा लाख डॉलरच्या देणगीतून उभी राहिलेली ही वास्तू २८ ऑगस्ट १९१३ रोजी खुली झाली, आणि वर्ष उलटायच्या आत पहिले महायुद्ध पेटले. मुलांना हा योगायोग फार विनोदी वाटला. आज तिथे आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे आणि स्थायी लवाद न्यायालयही आहे. फाटकाबाहेर एक शांतिज्योत असून तिच्याभोवती जगातील देशांनी पाठवलेले दगड बसवले आहेत. मुले वाऱ्यात कुडकुडत वाकून इजिप्तचा दगड शोधू लागली. सवयीने आधी भारताचा शोधतील असे मला वाटले होते, पण तीन महिन्यांनी आपले काम केले होते.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला या इमारतीपुढे कुलभूषण जाधव यांचे प्रकरण आठवल्यावाचून राहत नाही. पाकिस्तानातील लष्करी न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा दिल्यावर मे २०१७ मध्ये भारत इथे आला. नागपुरात वाढलेल्या हरीश साळवे यांनी भारताची बाजू मांडली आणि त्यासाठी एक रुपया मानधन घेतले. १७ जुलै २०१९ रोजी निकाल लागला. आमच्या मुलांना या निकालातले ‘भारत जिंकला’ एवढेच ठाऊक होते. मी फाटकाबाहेरच्या बाकावर बसून त्यांना निकालाचा उरलेला भाग सांगितला. वकिलातीशी संपर्क साधू न देऊन पाकिस्तानने १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा भंग केला, हे न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी मान्य केले आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला सांगितले. पण शिक्षा रद्द करून जाधव यांना सोडून द्यावे, ही भारताची मागणी मान्य झाली नाही. सिन्नरचा मुलगा, जो आमच्या शिष्टमंडळाचा राजदूत होता, थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “म्हणजे दोघांनी आपापल्या देशात जाऊन जिंकलो म्हणून सांगितलं असेल.” तसे झालेच होते. निकालाच्या कोणत्या कलमावर बोट ठेवायचे हे ज्याचे त्याने ठरवले होते. त्या बाकावरची ही वीस मिनिटे पुढच्या पाच दिवसांत मुलांच्या फार उपयोगी पडली, कारण ठरावाचा मथळा न वाचता त्याची कलमे वाचायची असतात, हे त्यांना फाटकाबाहेर, बोटे गारठलेली असतानाच पटले होते.

सोमवार : लॉबिंग

पहिल्या दिवशी औपचारिक चर्चा नसते, लॉबिंग असते. कोट-टाय घातलेली पंधरा-सोळा वर्षांची मुले लॅपटॉप उराशी धरून एका मोठ्या दालनात फिरत असतात आणि ‘तुमचा मसुदा काय आहे’ असे एकमेकांना विचारतात. सारख्या मतांच्या देशांनी आपले मसुदे एकत्र करायचे, सहसूचकांच्या सह्या गोळा करायच्या आणि एकच ठराव तपासणीसाठी पाठवायचा. शिक्षकांनी यात पडायचे नसते. मी भिंतीजवळच्या खुर्चीवर कॉफी घेऊन बसले होते आणि आमची मुलगी त्या गर्दीत कुठे आहे ते तिच्या लाल रिबिनीवरून शोधत होते.

ठरावाची रचना एकदा समजून घेण्याजोगी आहे. संयुक्त राष्ट्रांचा ठराव कितीही पानांचा असला तरी व्याकरणाने ते एकच वाक्य असते. कर्ता म्हणजे ती सभा, मग ‘स्मरण ठेवून’, ‘चिंता व्यक्त करून’ अशी प्रास्ताविक कलमे स्वल्पविरामांनी जोडलेली, त्यानंतर क्रमांक दिलेली कृतिकलमे अर्धविरामांनी जोडलेली, आणि पूर्णविराम फक्त अगदी शेवटी. प्रत्येक कलमाच्या आरंभीचे क्रियापद तोलून मापून निवडावे लागते. विनंती करणे, आवाहन करणे आणि आग्रह धरणे यांत पायऱ्या आहेत, आणि ‘मागणी करते’ किंवा ‘निर्णय करते’ ही भाषा सुरक्षा परिषदेलाच शोभते. आपल्या ग्रामपंचायतीच्या ठरावात ‘सर्वानुमते ठरले’ लिहिले की काम होते. इथे काय ठरले नाही तेही क्रियापदातून सांगायचे असते.

वर्गात मी त्यांना १९६७ च्या नोव्हेंबरातील सुरक्षा परिषदेच्या २४२ क्रमांकाच्या ठरावाचे उदाहरण दिले होते. युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली फौजांनी माघार घ्यावी असे सांगणाऱ्या इंग्रजी वाक्यात ‘प्रदेश’ या शब्दामागे निश्चित उपपद ‘द’ नाही, फ्रेंच मसुद्यातल्या रचनेचा अर्थ मात्र ‘ते सर्व प्रदेश’ असा लावता येतो, आणि सर्व की काही, हा वाद अजून संपलेला नाही. मराठीत उपपदच नसल्याने आपल्याकडच्या मुलांचा ‘द’ नेहमी कुठेतरी गळतो. त्या उदाहरणानंतर इंग्रजीच्या बाईंना तीन वर्षांत जे जमले नव्हते ते झाले, मुले ‘द’ मोजू लागली.

आमच्या मुलीचा मसुदा आक्रमक नव्हता. धरण पाडा, थांबवा असे काही त्यात नव्हते. सलग दुष्काळी वर्षांत धरणातून किमान किती पाणी सोडायचे याचा बंधनकारक करार व्हावा, एवढाच त्याचा गाभा होता. इजिप्तची खरी भूमिकाही बरीचशी तीच आहे. ‘बंधनकारक’ हा शब्द तिने अधोरेखित करून ठेवला होता, कारण इथिओपियाला नेमका तोच नको असतो हे ती वाचून आली होती. इथिओपियाचा प्रतिनिधी एका ग्रीक शाळेतला उंच, शांत मुलगा होता आणि त्याने दुसऱ्या कोपऱ्यात स्वतःचा गट जमवला होता. दोन्ही गटांना सुदान हवा होता. सुदानच्या वेण्या घातलेल्या छोट्या प्रतिनिधीने त्या दिवशी जे राजकारण केले ते पाहताना मला आपल्याकडचे अनेक अपक्ष आमदार आठवले. धरणामुळे सुदानचे पूर आटोक्यात येतील, गाळ कमी होईल, वीज मिळेल, म्हणून ती इथिओपियाकडे झुकत होती. पण खाली काही अंतरावरच सुदानचे रोझेरीस धरण असल्याने वरून कधी किती पाणी सुटेल याची आगाऊ माहिती मिळाली नाही तर धोका, म्हणून ती इजिप्तकडेही झुकत होती. संध्याकाळी चारपर्यंत तिने कोणालाच सही दिली नाही. शेवटी ‘दैनंदिन विसर्गाची माहिती कळवावी’ हे कलम आपल्या शब्दांत घालून घेऊन तिने इजिप्तच्या मसुद्यावर सही केली, आणि दहा मिनिटांनी दुसऱ्या गटाच्या मसुद्यातही हेच कलम आहे ना, हे बघायला गेली.

तिथेच मला या खेळातली एक उणीवही दिसली, आणि ती मी झाकणार नाही. बऱ्याच सह्या मैत्रीखातर होत होत्या. ‘तू माझ्यावर कर, मी तुझ्यावर करते’ असा व्यवहार चालला होता आणि सही करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी मसुदा वाचला नव्हता. खऱ्या राजदूताला राजधानीतून सूचना येतात आणि एका शब्दासाठी रात्री फोन करावा लागतो; इथे राजधानीच नाही. ज्यांना घाईघाईने अस्खलित इंग्रजी बोलता येते त्यांच्याभोवती घोळका जमतो, आणि आमच्या मुलीसारखी वाक्य मनात जुळवून बोलणारी मुले काठावर राहतात. तिला सहसूचक पुरेसे मिळाले ते बोलण्यामुळे नव्हे. तिने आकड्यांचा एक कागद छापून आणला होता आणि तो ज्याला त्याला देत सुटली होती.

मंगळवार

उद्घाटन, भाषणे, झेंडे. प्रत्येक देशाच्या राजदूताला बोलायला जेमतेम एक मिनिट. सिन्नरच्या मुलाने आपले मिनिट आरशापुढे इतक्यांदा घोकले होते की प्रत्यक्षात ते चाळीस सेकंदांतच संपले. व्यासपीठावर ‘मी’ म्हणायचे नसते, ‘इजिप्तचा प्रतिनिधी’ म्हणायचे असते. रात्रीच्या जेवणाला तो ‘इजिप्तच्या प्रतिनिधीला अजून भात हवा आहे’ असे म्हणत होता. बाकी दिवस इतर विषयांत गेला, आणि आमचा ठराव दुसऱ्या दिवशी चर्चेला येणार असल्याची सूचना संध्याकाळी लागली.

बुधवार : चर्चा

सूचकाने आपल्या ठरावाची कृतिकलमे सभेपुढे वाचून दाखवायची, मग भाषण करायचे आणि अध्यक्षांनी विचारले की प्रश्न घेण्याची तयारी आहे किंवा नाही ते सांगायचे. आमच्या मुलीने वाचन नीट केले. भाषणात तिने १९५९ चा इजिप्त आणि सुदानमधला करार सांगितला. वर्षाला सरासरी ८४ अब्ज घनमीटर पाणी गृहीत धरून त्यातले ५५.५ इजिप्तला, १८.५ सुदानला, आणि उरलेले बाष्पीभवनात. इजिप्तची पाण्याची जवळजवळ सगळी गरज याच एका नदीवर भागते, हेही तिने सांगितले. इथपर्यंत सर्व ठीक होते.

मग नेदरलँड्सच्या प्रतिनिधीने प्रश्न विचारला की हा वाटा नेमका किती मोठा आहे, सभागृहाला कल्पना येईल असे सांगता येईल का. मुलगी क्षणभर थांबली आणि ठामपणे म्हणाली, “सुमारे एकोणीसशे साठ टीएमसी.” सभागृहात शांतता पसरली. अध्यक्ष मुलीने नम्रपणे विचारले की टीएमसी म्हणजे काय. तीन महिने ही मुलगी नाईलचा प्रत्येक आकडा मनात टीएमसीत बदलून पाहत होती, त्याशिवाय तिला त्याचे वजनच कळत नव्हते, हे मला तेव्हा समजले. इथिओपियाचे धरण ७४ अब्ज घनमीटरचे आहे हे वाचल्यावर तिने वहीच्या समासात ‘२५ जायकवाड्या’ असे लिहून ठेवले होते, ती वही मी नंतर पाहिली. हिशेब बरोबर आहे. तिने लालबुंद होत ‘हजार दशलक्ष घनफूट’ असे स्पष्टीकरण दिले, आणि त्या सभागृहातील निदान शंभर मुलांना आपल्या पाटबंधारे खात्याचे एकक त्या दिवशी समजले.

नेदरलँड्सच्या त्या प्रश्नामागे सहानुभूती होती. हा देश स्वतःच ऱ्हाईनच्या टोकाला आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागून विष नदीत मिसळले तेव्हा ते वाहत शेवटी इथेच आले होते. आपल्या भाषेत सांगायचे तर हा टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी, आणि टेलच्या शेतकऱ्याला टेलच्या शेतकऱ्याचे दुःख कळते.

विरोधाच्या वेळेत इथिओपियाचा तो मुलगा उठला. त्याच्या हातात कागद नव्हता. तो म्हणाला की नाईलच्या पाण्याचा सुमारे ८५ टक्के भाग इथिओपियाच्या डोंगरांतून येतो, पाऊस आमच्यावर पडतो, माती आमची वाहून जाते, आणि १९५९ च्या ज्या करारात हे पाणी शेवटच्या थेंबापर्यंत वाटून घेतले त्या करारात आमचे नावसुद्धा नाही. आमच्या घरात दिवा नाही आणि खालचे शेजारी आम्हाला सांगतात की तुमच्या अंगणातल्या पाण्याला हात लावायचा असेल तर आधी आमची परवानगी घ्या. आवाज न चढवता तो हे सगळे बोलला. आमची मुलगी टेबलावरची इजिप्तच्या नावाची पाटी दोन्ही हातांनी धरून बसली होती. तिने त्याला प्रश्न विचारण्यासाठी पाटी वर करायला हवी होती. तिने केली नाही.

पुढचा धक्का भारताकडून आला. भारताची भूमिका एका लेबनानी शाळेतली मुलगी वठवत होती. आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांच्या १९९७ च्या कराराचा उल्लेख ठरावातून वगळावा अशी तिने सूचना केली, कारण संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्या करारावर मतदान झाले तेव्हा भारत तटस्थ राहिला होता. गॅलरीत माझ्या शेजारी बसलेला आमचा दुसरा एक मुलगा तडकून म्हणाला, “मॅडम, काहीही सांगतेय ती. आपण कशाला तटस्थ राहू?” ती खरे सांगत होती. त्या दिवशी १०३ देश बाजूने होते, तुर्कस्तान, चीन आणि बुरुंडी विरोधात, आणि तटस्थ राहिलेल्या २७ देशांत भारत, पाकिस्तान, इथिओपिया आणि खुद्द इजिप्तही होते. भारत काही शेजाऱ्यांच्या वर आहे आणि काहींच्या खाली. अशा देशाला सरसकट नियम परवडत नाही, हे त्या लेबनानी मुलीने आमच्या मुलांपेक्षा नीट वाचले होते. वेळ संपली आणि चर्चा गुरुवारवर गेली.

जेवताना खरी चर्चा झाली, आणि ती मराठीत झाली. निफाडची मुलगी बराच वेळ काही खात नव्हती. मग म्हणाली, “तो अगदी माझ्या बाबांसारखं बोलत होता. पाऊस आमच्यावर पडतो, धरणं आमच्या जमिनी घेऊन बांधली, आणि पाणी मात्र खाली. हेच शब्द.” समोर बसलेल्या मुलाचे आजोळ पैठणचे. तो निःशस्त्रीकरण समितीत होता, पाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, पण तो लगेच म्हणाला, “आणि तू भाषणात जे म्हणालीस ना, ते माझ्या मामाचे शब्द आहेत.” पुढचा तासभर नाईलचे नावही निघाले नाही. २०१४ च्या आदेशाप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरून पाणी सोडायचे, ते ६५ कुठून आले. द्राक्षाला किती लागते आणि उसाला किती. वाटेत नदीपात्रात किती जिरते. दोघेही बराच काळ चुकीचे आकडे ओरडत होते. मी मध्ये पडले नाही. मुलीने शेवटी फोनवर आदेशाचा सारांश शोधून मोठ्याने वाचायला घेतला, आणि एका ठिकाणी थांबून, “हे बाबांनी कधी सांगितलं नव्हतं,” असे म्हणून पुढे वाचू लागली. कोणते कलम ते तिने सांगितले नाही.

गुरुवार : दुरुस्ती

सकाळी इथिओपियाने लेखी दुरुस्ती पाठवली. ‘बंधनकारक करार’ हे शब्द काढून ‘परस्परसंमत मार्गदर्शक तत्त्वे’ असे घालावे. चतुराई यात होती की ‘मार्गदर्शक तत्त्वे’ हा शब्द त्याने स्वतःच्या मनातून आणला नव्हता. २३ मार्च २०१५ रोजी खार्टूममध्ये तिन्ही देशांनी जे तत्त्वांचे घोषणापत्र केले त्यात तो आहे, आणि त्याखाली इजिप्तची सही आहे. ज्या शब्दाला तुम्ही एकदा मान्यता दिली त्याला आज विरोध का, असे त्याने सरळ विचारले.

रात्रीच्या त्या जेवणानंतर मुलगी विरघळेल असे मला वाटत होते. सभागृहही तडजोडीच्या मनःस्थितीत होते. दोन दिवसांच्या कंटाळ्यानंतर मुलांना काहीतरी मंजूर करून टाळ्या वाजवायच्या असतात. ती उठली आणि विरोधात बोलली. तिचे म्हणणे असे की चांगल्या पावसाच्या वर्षी मार्गदर्शक तत्त्वे पुरतात, शेजारी शेजाऱ्याला पाणी देतोच. कराराची गरज लागते ती पाऊस न पडलेल्या वर्षी, आणि त्या वर्षी वरच्या माणसाला स्वतःची तहान आधी दिसते, यात तो वाईट असतो असे नाही. या शेवटच्या वाक्यावर तिने इथिओपियाकडे पाहिले. सबंध आठवड्यात मी ऐकलेल्या भाषणांत मला हे सर्वांत उजवे वाटले, आणि ते तिच्या फायलीत कुठेही लिहिलेले नव्हते.

दुरुस्ती तरीही मंजूर झाली. सुदानने दुरुस्तीच्या बाजूने मत दिले.

मग पेच उभा राहिला. आता दुरुस्त झालेला संपूर्ण ठराव मताला टाकला जाणार होता, आणि त्याची मुख्य सूचक होती आमची मुलगी. दारे बंद झाली, चिठ्ठ्यांची ये-जा थांबली. बाजूने कोण, असे विचारल्यावर पाट्यांचे रान उभे राहिले. विरोधात कोण, थोड्या पाट्या. तटस्थ कोण, असे विचारल्यावर इजिप्तची पाटी वर गेली. स्वतःच्याच ठरावावर तटस्थ राहिलेली सूचक पाहून आजूबाजूला थोडा हशा झाला. ठराव संमत झाल्याचे आणि टाळ्या वाजवायला हरकत नसल्याचे अध्यक्षांनी सांगितले. तिने वर गॅलरीकडे, माझ्याकडे पाहिले. नंतर बाहेर आल्यावर म्हणाली, “मला कळेना की टाळी वाजवायची की नाही.” वाजवली का, असे मी विचारले. “हळू वाजवली.”

मला विचाराल तर तिने केले ते बरोबर होते. ज्याची बाजू घेतली त्याच्याशी इमान राखायचे आणि समोरच्याचे दुःखही कळून घ्यायचे, ही दोन कामे एकाच वेळी करणे मोठ्यांनाही जड जाते. आणि खरा वाद म्हणाल तर तो सुरक्षा परिषदेपुढे २०२० मध्ये गेला, २०२१ मध्ये पुन्हा गेला आणि परत आफ्रिकी संघाच्या ओटीत पडला. त्यामुळे दोन दिवसांत मंजूर झालेल्या कोणत्याही ठरावाबद्दल थोडी हळूच टाळी वाजवणे शहाणपणाचेच होते.

शुक्रवार

समारोप. या परिषदेत ‘उत्कृष्ट प्रतिनिधी’ वगैरे बक्षिसे देत नाहीत. आपल्याकडच्या महाविद्यालयांतून होणाऱ्या अशा स्पर्धांत रोख रकमा आणि चषक असतात, आणि त्यांच्यापायी मुले वाटाघाटी सोडून एकमेकांवर कुरघोडी करत बसतात, म्हणून मला हे आवडले. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र सकाळपासून तीन जणांनी विचारले होते, ‘काय मिळाले?’ मी समुद्रावरचा फोटो पाठवला.

ग्रीक मुलाने जाताना आमच्या मुलीकडे तिचा तो आकड्यांचा कागद मागितला. तिने समासात पेनाने टीएमसीचे सूत्र लिहून दिला.

रविवार : परत नाशिक

मुंबईहून पहाटे निघालेली मिनीबस साडेनवाला शाळेच्या फाटकात थांबली. निफाडहून मुलीचे वडील मोटार घेऊन आले होते. त्यांनी बॅगा डिकीत टाकल्या, मला नमस्कार केला, द्राक्षांची एक पेटी दिली आणि लेकीला विचारले, “मग, कोणाकडून भांडलीस?” ती पुढच्या सीटवर बसत म्हणाली, “खालच्यांकडून.” ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. तिने पट्टा लावता लावता विचारले, “बाबा, पैठणला आत्ता साठा किती आहे?”

त्यांनी किल्ली फिरवली आणि आकडा सांगितला, दशांशचिन्हानंतरच्या दोन अंकांसह, फोन न बघता.